नाकवाली की चपटी

३ मार्च, सोमवार

आज बस बघायला गेलो. घरात कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हिनं "आधी जेवून घ्या" म्हटलं असतं, मेहुण्यानं "मी येतो" म्हटलं असतं आणि मुलीनं फोनवरून "बाबा, या वयात?" म्हटलं असतं. चांगल्या कामाला इतके फाटे कशाला?

शहराबाहेर शेठचं आवार आहे. मोडीत निघालेल्या गाड्या तो तिथे लावून ठेवतो आणि गिऱ्हाईक बघून विकतो. शाळेच्या दोन बस उभ्या आहेत. रंग उडालेला, सीटांच्या पाठीवर पोरांनी कोरलेली नावं, बाकांखाली चघळून चिकटवलेली च्युइंगमं दगडासारखी झालेली. एक बस नाकवाली : इंजिन पुढे, अर्धं बॉनेटखाली आणि अर्धं ड्रायव्हरच्या पायाशी. दुसरी चपटी : तोंड सपाट, इंजिन पार शेपटीला. सांगाडे दोन्हींचे ठणठणीत. घर कुठलीचंही होईल. प्रश्न इंजिनाचा आहे, आणि इंजिनाचा प्रश्न माझ्यापुढे यावा ही त्या इंजिनांच्या भाग्याची गोष्ट आहे.

फुशारकी नाही, खरं तेच लिहितो. मी जन्मभर फ्रिज दुरुस्त केले. दुकान पुढच्या खोलीत. लोक फ्रिज आणायचे, मी तो न उघडता सांगायचो काय बिघडलंय. लाकडी मुठीचा एक लांब स्क्रूड्रायव्हर होता. त्याचं टोक कॉम्प्रेसरवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, की आतलं सगळं ऐकू येतं. पुढे पुढे तर स्क्रूड्रायव्हरचीही गरज पडायची नाही. बाजारात मला नावानं कोणी ओळखत नाही, 'कानसेन' म्हटलं की पोर घर दाखवतं.

आता बस कशाला, तेही लिहून ठेवतो, कारण तोंडानं कोणाला सांगणार नाही. ही गुणगुणायची. मागच्या खोलीत तिचं शिवणयंत्र, पडदे शिवायचं काम. यंत्रावर बसली की तिच्या आईकडून आलेलं एकच गाणं. शब्द अर्धे माहीत, बाकी नुसतं हुं हुं. तिसऱ्या ओळीला सूर वर चढवायची वेळ आली की हमखास घसरायची. ती घसरण दुकानात ऐकू आली की मला कळायचं, घरात सगळं ठीक आहे. मग मुलगी सासरी गेली, मी दुकान बंद केलं, आणि केव्हातरी हिचं गुणगुणणंही बंद पडलं. यंत्र चालतं, मान खाली, पाय हलतो, पण घर मुकं.

मी विचारलं नाही. विचारून बायका सांगत असत्या तर काय हवं होतं. पण कधीतरी ती म्हणाली होती, "घराला चाकं असती ना, तर खिडकीतलं रोज बदललं असतं." ते माझ्या डोक्यात राहिलंय. फ्रिज गप्प झाला तर कधी कधी तो भिंतीपासून वीतभर पुढे ओढला की पुन्हा चालू होतो. तसं हिला वीतभर पुढे ओढून बघणार आहे.

५ मार्च, बुधवार

चहाच्या वेळी सांगून टाकलं.

ही टोस्टला लोणी लावत होती. हल्ली हिला काही बोलायचं असलं की समोर येऊन, माझ्या तोंडाकडे बघूनच बोलते. वय झालं की माणसं जरा नाटकी होतात. तशी समोर येऊन म्हणाली, "चालवणार कोण?"

"मी. थकलो की तुझा भाऊ."

"आणि इंजिन कुठलं चांगलं, ते कोण ठरवणार?"

"म्हणजे? या घरात कान कोणाचा आहे?"

यावर ती त्याच टोस्टला दुसऱ्या बाजूनंही लोणी लावत राहिली. मला वाटलं, हिला नकोच असेल तर? पण मग उठली, तिची लाकडी मोजपट्टी शोधून आणली आणि विचारलं, "खिडक्या केवढ्या आहेत?" मी मनात म्हटलं, जिंकलो.

पाववाला मात्र बदलायला हवा. हल्लीचे टोस्ट इतके कडक की चावताना डोक्यात खडी फुटते, समोरचा काय बोलतो ते कळत नाही.

मुलीचा फोन आला. तिचा नवा फोन अगदीच टाकाऊ आहे, विहिरीत उतरून बोलल्यासारखा आवाज येतो. दोन मिनिटांत हिच्याकडे दिला. त्या दोघी बराच वेळ बोलल्या आणि मधून मधून माझ्याकडे बघत होत्या. म्हणजे ही बघत होती. मुलगीही बघत असणार असं वाटलं. मागे एकदा ती आली होती तेव्हा "बाबा, एकदा कानाच्या डॉक्टरांना दाखवू या" म्हणाली होती. मी ताट सरकवून उठलो होतो. हलवायानं कोणाकडून साखर चाखून घ्यायची?

८ मार्च, शनिवार

तिघं गेलो. मी, ही आणि मेहुणा. मेहुण्यानं आयुष्य ट्रकवर काढलं. घसा असा की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठतात, म्हणून त्याला सगळे 'भोंगा' म्हणतात. मला मात्र त्याच्याशी बोलायला फार बरं वाटतं. स्पष्ट बोलणारी माणसं आता राहिलीत कुठे? सगळे पुटपुटतात.

आधी नाकवाली. शेठनं चावी फिरवली आणि जी धडधड सुरू झाली! पायाशी इंजिन, वर बॉनेटचा एक पत्रा सुटलेला, तो वेगळाच वाजतोय. गंमत म्हणजे त्या गोंगाटात ही, भोंगा, शेठ काय बोलतात ते मला लख्ख कळत होतं. बिचाऱ्यांना ओरडावं लागत होतं ना.

"रांगडी आहे, पण इमानी!" भोंगा ओरडला.

"हिच्यात संसार केला तर घसे बसतील," मी म्हणालो. भोंगा म्हणाला, "काय? मोठ्यानं बोला, भाऊजी!" माझा आवाज अलीकडे मवाळ झालाय असं सगळेच म्हणतात. मला स्वतःला तर खणखणीत वाटतो. मी हातानंच "बंद कर" अशी खूण केली. या बसमध्ये ही गुणगुणली तरी मला कधी कळणार? माझा सगळा खटाटोप ज्याच्यासाठी, त्यावरच पाणी.

मग चपटी. मी ड्रायव्हरच्या जागी बसलो. शेठनं मागून, इंजिनाजवळच्या बटणानं सुरू करतो म्हणून खूण केली. मी वाट बघत बसलो. बराच वेळ काही होईना, म्हणून काट्याकडे बघितलं तर इंजिन केव्हाच सुरू झालेलं! असं इंजिन मी जन्मात ऐकलं नाही. उतरून मागे गेलो, पार जवळ उभा राहिलो, तेव्हा कुठे मऊ घुरघुर लागली. दुलईखाली मांजर झोपावं तशी. गाडी थोडी थरथरत होती, पण जुनी गाडी थरथरणारच.

"हीच," मी म्हणालो.

शेठ चपापला. हिऱ्याची पारख असलेलं गिऱ्हाईक आलं की दुकानदार असाच चपापतो. भोंगा दोन्ही हात डोक्याला लावून उभा होता, डोकं खाजवत असावा. जवळ येऊन म्हणाला, "भाऊजी, आत काहीतरी ठोकतंय."

"तुझ्या डोक्यात जन्मभराचा ट्रक ठोकतोय."

तो परत तोंड उघडणार होता, पण हिनं त्याच्या दंडाला हात लावला आणि तो गप्प बसला. ताईपुढे तो अजून शाळेतलाच पोरगा आहे. मी विसार द्यायला खिशात हात घातला तर ही पुढे झाली आणि शेठला म्हणाली, "पुढच्या शनिवारी येतो. ह्यांना अजून एकदा नीट ऐकायचंय. एकदा ऐकून हे कधीच सांगत नाहीत."

असं मी म्हटलं नव्हतं. पण परक्या माणसापुढे बायको आपल्या कामाची तारीफ करते तेव्हा कोण नवरा मध्ये बोलेल? छाती पुढे काढून उभा राहिलो.

११ मार्च, मंगळवार

दारावरची घंटी बिघडलीय. पोस्टमन आणि शेजारीण दोघंही "कितीदा वाजवली" म्हणून कुरकुरले. उघडून बघितली. तारा ठीक, बटण ठीक. दोष सापडला नाही म्हणजे नाही असं नसतं, म्हणून सरळ नवी बसवली. हात अजून चालतो.

हिनं पडद्यांचं कापड काढलंय. शनिवारी आवारात मी शेठशी बोलत होतो तेव्हा ही पट्टी घेऊन खिडक्या मोजत होती. आज कागद बघितला तर मापं नाकवालीची! "अगं, चुकीच्या बसची मापं घेतलीस," म्हटलं. ती म्हणाली, "असू देत." आणि कापायला बसली. हिचं लक्ष नसतं हल्ली. उगाच सगळं कापड वाया जाणार. मी बोललो नाही. गप्प माणसाला आणखी काय बोलायचं?

खरं सांगायचं तर धास्ती वाटते. बसमध्ये गेल्यावरही ती अशीच मान खाली घालून बसली तर? घरात निदान भिंतींना दोष देता येतो. तिथे रोज नवी खिडकी, मी शेजारी, इंजिनही मांजरासारखं, आणि तरीही ही मुकीच राहिली, तर मग दोष कोणाचा, हे शोधायला कुठल्याही हत्याराची गरज उरणार नाही.

१५ मार्च, शनिवार

हे लिहावं की नाही कळत नाही. लिहितो.

सकाळी हिनं पिशवी भरून दिली. स्वतः आली नाही, पडदे राहिलेत म्हणाली. भोंगा आणि मी गेलो. आवारात पाण्याची बाटली काढायला पिशवीत हात घातला तर हाताला माझा लांब स्क्रूड्रायव्हर लागला. दुकान बंद केलं तेव्हापासून तो ट्रंकेत होता. चमचा समजून हिनं उचलला असणार, म्हणून हसलो.

शेठनं चपटी सुरू केली. मी मागे जाऊन उभा राहिलो. तीच मऊ घुरघुर. हातात हत्यार होतंच. जुनी सवय, टोक इंजिनाच्या खालच्या अंगाला टेकवलं आणि मूठ कानामागे दाबली.

आत लोहार बसला होता.

ठक्, ठक्, ठक्. प्रत्येक फेऱ्याला एक घाव. हा आवाज मी झोपेतही ओळखीन. कॉम्प्रेसरला काय नि इंजिनाला काय, दट्ट्या असतो, दट्ट्याला दांडा असतो, दांड्याचं बेअरिंग झिजलं की तो असाच ठोकतो आणि एक दिवस पोट फोडून बाहेर येतो. माझ्या अंगात वीज संचारली. पकडला चोर! कानसेन अजून मेला नाही! मी शेठकडे वळून ओरडलो, "मला फसवत होतास? दांड्याचं बेअरिंग गेलंय! सगळ्यांपासून लपलं, पण माझ्या कानापासून नाही लपलं!"

शेठ जवळ येऊन, तोंड माझ्या कानाशी आणून म्हणाला, "काका, हा ठोका फाटकापर्यंत ऐकू जातोय. लपवायचं काय त्यात? मला वाटलं, तुम्हाला सुटे भाग काढायला हवीय."

मी मूठ कानामागून काढली. मांजर. परत लावली. लोहार. काढली, मांजर.

भोंग्याकडे बघितलं. त्यानं दोन्ही कानांत बोटं घातली होती. मागच्या वेळीही तो डोकं खाजवत नव्हता.

शेठनं इंजिन बंद केलं. ते बंद झालं हे मला गाडीची थरथर थांबली म्हणून कळलं. मी बसच्या पायरीवर बसलो. भोंगा शेजारी बसला. जन्मात पहिल्यांदा तो काही बोलला नाही. बोलला असेल तर फार हळू बोलला असेल.

१६ मार्च, रविवार

दारावरची जुनी घंटी परत बसवली.

१७ मार्च, सोमवार

काल दिवसभर मी मागच्या खोलीत गेलो नाही. आज गेलो. ही यंत्रावर होती. मी समोर स्टूल ओढून बसलो आणि विचारलं, "तुला माहीत होतं?"

तिनं मान डोलावली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. दोनदा. तुम्हाला ऐकू कुठे आलं?"

मला राग यायला हवा होता, पण हसू आलं. ती मात्र हसली नाही. यंत्राच्या चाकावर हात ठेवून, माझ्याकडे बघून सावकाश म्हणाली, "तिसऱ्यांदा मोठ्यानं सांगावं म्हटलं. पण मोठ्यानं सांगितलं तर सगळ्या गल्लीला ऐकू जाणार. कानसेनला ऐकू येत नाही, हे तुमच्याआधी गल्लीला कळायचं? तुमचा कान म्हणजे तुमची इज्जत. त्याला मी कसा हात लावू? म्हटलं, तुमचं तुम्हीच ऐकाल. म्हणून ते हत्यार पिशवीत घातलं."

"ऐकलं," मी म्हणालो. "चांगलं ऐकलं. पण आता एक खरं सांग. तू गप्प का झालीस? काय राहून गेलं तुझं?"

"मी? मी कधी गप्प झाले?"

"गुणगुणायचीस. बंद केलंस. म्हणून तर बस... म्हटलं, जागा बदलली तर पुन्हा..."

पुढचं मला नीट बोलता आलं नाही. मग तिनं कापडाखालून ती लाकडी मोजपट्टी ओढली. एक टोक स्वतःच्या दातांत धरलं आणि दुसरं टोक हातानं धरून माझ्या कानामागच्या हाडावर टेकवलं. बरोबर त्याच जागी, जिथे मी मूठ टेकवतो.

आणि पट्टीतून ते गाणं आलं. हुं हुं, अर्धे शब्द, पहिली ओळ, दुसरी ओळ. मी डोळे मिटले. तिसऱ्या ओळीला सूर वर चढायला लागला, आणि जिथे घसरायचा तिथेच घसरला.

मी रडलो. लिहायला लाज वाटत नाही. तिनं गाणं थांबवलं नाही. पट्टी दातांत असल्यानं तिला धड हसताही येत नव्हतं आणि रडताही येत नव्हतं. घर कधीच मुकं झालं नव्हतं. ती रोज गात होती आणि मी तिचं दुखणं काढायला बस शोधत फिरत होतो. असला वेडा नवरा सगळ्यांना मिळत नाही, हेही तिनं नंतर मोठ्यानं सांगितलं. गल्लीला ऐकू गेलं असेल तर जाऊ दे.

२० मार्च, गुरुवार

कानाच्या डॉक्टर बाई आहेत, आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी लोखंडाचा दोन दांड्यांचा एक काटा टेबलावर आपटून कानापुढे धरला. काही नाही. मग त्याची दांडी कानामागच्या हाडावर टेकवली. घण् वाजलं! मी खुर्चीतून उठलोच.

"अहो, हे तर माझंच तंत्र! तुम्ही फ्रिजच्या धंद्यात होतात का?"

बाई पोट धरून हसल्या. मग समजावलं. आवाज ओळखणारं आतलं यंत्र उत्तम आहे, पण बाहेरून तिथवर आवाज पोचवणारी बारकी हाडं आखडलीत. म्हणून हाडातून ऐकू येतं, हवेतून येत नाही. म्हणूनच स्वतःचा आवाज मोठा वाटतो, चावलेलं डोक्यात वाजतं आणि गोंगाटात लोक ओरडले की छान कळतं. एकेक ऐकत गेलो आणि हिच्याकडे बघत गेलो. पाववाल्याची माफी मागायला हवी.

"यंत्र उत्तम आहे ना?" मी पुन्हा विचारलं.

"उत्तम," बाई म्हणाल्या. "फक्त वायरिंग खराब आहे."

वायरिंग! हे आधी सांगितलं असतं तर मी कशाला घाबरलो असतो? वायरिंग कोणाचंही खराब होतं. कानात घालायचं यंत्र लावलं तर काम होईल म्हणाल्या. माप दिलं. मुलीला मी स्वतः संदेश पाठवला : 'दाखवलं. तू म्हणालीस ते बरोबर होतं.' तिनं उत्तरात फक्त रडणारी आणि हसणारी तोंडं पाठवली. मोजली नाहीत, पण भरपूर होती.

२९ मार्च, शनिवार

यंत्रं कानांत बसवून तीन दिवस झाले. जग फार बडबडं आहे. कागद वाजतो, चप्पल वाजते, नळ तर भाषणच करतो. झाडावर पाखरं आहेत. मला वाटलं होतं ती निघून गेली.

भेटेल त्याला यंत्र दाखवतो. लपवायचं काय त्यात? शेजारणीला बटणं समजावून सांगितली, पोस्टमनला एक काढूनच दाखवलं. ही म्हणते, "आधी कानाची शेखी मिरवत होतात, आता यंत्राची मिरवता." मिरवतोच. वस्तू चांगली आहे.

आज चौघं आवारात गेलो : मी, ही, भोंगा आणि कान. चपटी मुद्दाम सुरू करायला लावली. दहा पावलं मागे सरलो. बाप रे! यात मला मांजर ऐकू येत होतं? मग नाकवाली. धडधड आहे, पण सरळ. एकही ठोका चुकत नाही, श्वास अडकत नाही. तरी स्क्रूड्रायव्हर लावला, अंगभर लावला. आत सगळं निरोगी. वाजत होता तो फक्त बॉनेटचा पत्रा, दोन बोल्टचं काम. शिवाय इंजिन पुढे, जुन्या पद्धतीचं. रस्त्यात कुठेही बॉनेट उघडावं आणि स्वतःच्या हातानं दुरुस्त करावं. शेपटीकडची जागाही मोकळी, तिथे पलंग. खिडकीशी हिचं यंत्र, दाराशी माझी हत्यारं. जिथे थांबू तिथे पडदे शिवू आणि फ्रिज दुरुस्त करू.

"म्हणजे तू मापं मुद्दाम नाकवालीचीच घेतलीस?" मी हिला विचारलं. "तुला इंजिनातलं काय कळतं?"

"काही नाही. त्या दुसरीजवळ उभं राहवत नव्हतं, एवढंच कळलं."

तरी एक शंका होतीच, ती बोलून टाकली. "पण हिच्या धडधडीत तुझं गुणगुणणं मला कसं ऐकू येणार? यंत्रं असली तरी."

"मग मोठ्यानं गाईन," ती म्हणाली. "इतकी वर्षं पुढच्या खोलीत गिऱ्हाईकं असायची म्हणून हळू म्हणत होते. हौस म्हणून नाही."

हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. आणि तेव्हा तर मला सगळं ऐकू येत होतं.

विसार दिला. नाकवाली आमची.

६ एप्रिल, रविवार

बस घरी आणली.

डॉक्टरबाईंची चिठ्ठी खिशात, परवाना खिशात, बॉनेटचा पत्रा घट्ट. मी चालवायला, ही माझ्या मागच्या बाकावर, भोंगा सगळ्यात मागे, पाय पसरून. आवाराच्या फाटकातून बाहेर पडलो तेव्हा शेठनं हात जोडले. मला वाटतं, त्याला मी वेडा वाटतो. वाटू दे. बसचं एवढं मोठं चाक हातात आणि मागे स्वतःचा पडदा लावलेली खिडकी असेल, तर माणसानं थोडं वेडं दिसलंच पाहिजे.

रस्त्यात पोरं हात दाखवत होती, त्यांना शाळेची बस वाटली. प्रत्येक चौकात मी हॉर्न वाजवला, गरज नसताना. गिअरचा, ब्रेकचा, मागच्या सैल खिडकीचा, सगळा आवाज वेगळा वेगळा कळत होता. मनात टिपत गेलो, ही खिडकी उद्या, तो बोल्ट परवा. इतका अभिमान मला दुकानाची पाटी लावली त्या दिवशीही वाटला नव्हता.

आमच्या भागात यायला चढ आहे. मी गिअर खाली घेतला, इंजिनानं आवाज वाढवला, आणि त्याच्यावर ताण करून हिनं गाणं सुरू केलं. गुणगुणणं नाही, चक्क गाणं, पूर्ण गळ्यानं. इतकी वर्षं आत कोंडलेला आवाज केवढा मोठा आहे ते आज कळलं. भोंग्याची बहीण आहे शेवटी. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. मी काच आणखी खाली केली, नीट ऐकू जाऊ दे म्हणून.

चढ अर्धा संपला असेल. मागून भोंगा ताडकन उठला.

"भाऊजी, गाडी थांबवा! काहीतरी घसरलं! बेल्ट गेला वाटतं!"

मी थांबवली नाही. पाय तसाच दाबून ठेवला आणि मागे न बघता ओरडलो, "इंजिन ठणठणीत आहे. तिसरी ओळ आली, आणि ती तुझी ताई आहे!"